कारभारणीचा पट्टा

ता. ४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. जंताचं औषध पाजूनही मेंढ्या वाळत चालल्यात, दुकानदाराने बाटलीत पाणी भरून विकलं की काय, असं तू विचारतोस. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तुमच्या टेकडीवरचे जंत आता त्या औषधाला भीक घालत नाहीत. तू पाठवलेल्या लेंड्या मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. औषधाआधी जेवढी जंतांची अंडी होती तेवढीच नंतरही आहेत. हे जंत जठराला चिकटून रक्त पितात, आणि मेंढी मात्र मान खाली घालून चरत असते, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही.

पण एक चांगली बातमी आहे. आमच्या संस्थेत एक नवं औषध आलंय. इथल्या मेंढ्यांवर ते चाललं. आता ते खऱ्या कळपावर करून बघायचंय आणि मी आमच्या मोठ्या डॉक्टरांपुढे तुझ्या कळपाचा विषय काढलाय. निम्म्या मेंढ्यांना नवं औषध, निम्म्यांना जुनं. कुठल्या गटाला कुठलं ते तुला कळणार नाही आणि मलाही कळणार नाही, फक्त मोठ्या डॉक्टरांना माहीत असेल. आधी कळलं की माणूस त्याच बाजूने बघायला लागतो, म्हणून हा नियम आहे. मी तुझी बहीण असले तरी त्यातून सुटका नाही.

प्रत्येक मेंढीच्या कानाला नंबराचा बिल्ला लावावा लागेल. तुझ्या कपाळावरची आठी मला इथून दिसतेय. तरी नीट विचार करून कळव. वहिनीला नमस्कार सांग. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
खारू

ता. ११ जुलै

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

कळप घेऊन जा, हवं तर मलाही घेऊन जा आणि निम्मं नवं निम्मं जुनं पाजून बघ. पण कानाचं नाव काढू नकोस. आपल्या घरात मेंढीच्या कानाला कुणी भोक पाडलेलं नाही. ज्याला आपली मेंढी तोंडावरून ओळखता येत नाही त्याने कोंबड्या पाळाव्यात, असं बाबा म्हणायचे ते तुझ्या लक्षात असेलच. डॉक्टर झालीस म्हणून घरचं सगळं विसरलीस असं मी मानत नाही. गळ्यात पट्टे बांध, रंगीत बांध, नंबर लिही, वाटल्यास तुमच्या मोठ्या डॉक्टरांचा फोटो लाव. माझी ना नाही.

कारभारीण मजेत आहे. अजून तीच घंटा घालून पुढे चालते आणि बाकीच्या मुकाट मागे जातात. ओढ्यावरच्या फळीवर तिने पाय ठेवल्याशिवाय एकही मेंढी पलीकडे जात नाही. तुझी वहिनी म्हणते, एका घरात दोन कारभारणी झाल्या आणि माझं ऐकायला कुणी उरलं नाही. मी म्हटलं, तू घंटा बांधून बघ. त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं.

शेजारच्या दोन्ही कळपांत मेंढ्या मरायला लागल्यात. तुझं औषध लवकर आण. लोभ आहेच, तो काही औषधासारखा शिळा होत नाही.

तुझा,
दादा

ता. ३० जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडून परत सुखरूप पोचले. दिवसभर मेंढ्यांची तोंडं उघडून औषध पाजलं, त्याने माझे खांदे अजून भरून आलेले आहेत. वहिनीने तेल चोळून दिलं नसतं तर आज लेखणी धरता आली नसती.

पट्ट्यांसाठी मला बरंच भांडावं लागलं, हे तुला तिथे सांगितलं नाही. मोठे डॉक्टर म्हणाले की बिल्ला निघत नाही, पट्टा निघतो. मी म्हटलं, तो माझा सख्खा भाऊ आहे. त्यावर ते म्हणाले की त्यांना नेमकी तीच काळजी वाटतेय. शेवटी मी माझा शब्द दिला, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. मात्र दुसऱ्या डोसला मी यायचं नाही, आमचा सहायक येईल, असं त्यांनी बजावलंय. तो आधी प्रत्येकीच्या लेंड्या तपासायला घेईल आणि मग पट्ट्याचा रंग बघून त्याच रंगाची खूण असलेल्या बाटलीतलं औषध पाजेल.

तोवर तुझं काम एवढंच. प्रत्येकीची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघत जा. लाल असेल तर चिंता नाही, गुलाबी असेल तर चालेल, पांढरी पडली तर अंगात रक्त उरलेलं नाही असं समज. दुसरं कुठलंही औषध पाजू नकोस. लाल पट्टा कुणाला आणि निळा कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरलं, तेव्हा कारभारणीला निळा आला म्हणून माझ्यावर रागावू नकोस. पट्टा बांधताना तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिची सून आहे.

माझी आठवण ठेव आणि पापण्या बघायला विसरू नकोस.

तुझी,
खारू

ता. २० ऑगस्ट

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पापण्या रोज बघतोय. लाल पट्टेवाल्या टवटवीत आहेत. निळ्या पट्टेवाल्या पांढऱ्या पडत चालल्यात. त्यातली एक परवा ओढ्याजवळ बसली ती उठलीच नाही. दुसरी काल गोठ्यातच दगावली. कारभारणीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी धरल्यासारखी सूज आलीय. सकाळी ती पुढे निघते खरी, पण अर्ध्या चढावर थांबते, आणि ती थांबली की सगळा कळप तिच्यामागे उभा राहतो.

तुमचे नियम मला समजतात. मी अडाणी नाही. पण निळ्यांच्या पोटात जुनंच औषध गेलंय हे आंधळ्यालाही दिसेल. तू उघड काही लिहू नकोस. पुढच्या पत्रात फक्त एवढंच लिही की थंडीसाठी लाल स्वेटर घेतलास की निळा. वाचून मी पत्र चुलीत टाकीन. तुझ्या वहिनीलाही सांगणार नाही, म्हणजे ती विचारीलच, पण सांगणार नाही.

कारभारणीला आपल्या घरी किती वर्षं झाली ते तुला ठाऊक आहे. तिची आई मेली तेव्हा तूच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलंस. आता तिला असं बघवत नाही. उत्तराची वाट बघतो.

तुझा,
दादा

ता. २५ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी कुठलाच स्वेटर घेतलेला नाही. मला खरंच माहीत नाही, दादा. आणि माहीत असतं तरी लिहिलं नसतं. हे वाचून तुला राग येईल. पण खोटी आशा दाखवण्यापेक्षा हे बरं.

तुला वाटतं तसं असेलही. पण मेंढ्या इतर कारणांनीही पांढऱ्या पडतात, आणि आपण अंदाजावर चाललो तर त्याला चाचणी म्हणत नाहीत. हे औषध चालतं असं स्पष्ट दिसलं तर ते तुझ्या टेकडीवर, पलीकडच्या टेकडीवर, जिथे जिथे जुनं औषध हरलंय तिथे सगळीकडे जाईल. चालत नाही असं दिसलं तर बनवणारे ते बंद करतील, कारण आम्ही तुमच्याएवढे हट्टी असलो तरी ते नाहीत. त्यानंतर आमच्याकडे पाजायला दुसरं काहीच नाही.

कारभारणीला चढावर नेऊ नकोस. गोठ्यात ठेव, वाळलेला चारा दे, भिजवलेले दाणे हाताने भरव. सहायक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतोय. तेवढं सांभाळ. माझ्यावर राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
खारू

ता. ५ सप्टेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुमचा सहायक काल येऊन गेला. भला माणूस आहे. मेंढीने पायावर पाय दिला तरी तिचीच माफी मागतो. सगळ्यांच्या लेंड्या घेतल्या, सगळ्यांना पाजलं, चहा घेतला आणि गेला.

कारभारणीची काळजी करू नकोस. ती आता ठीक होईल असं माझं मन सांगतं. हातातून दाणे खाते. तुझी वहिनी म्हणते की माझा चेहरा एका दिवसात बदलला. स्वेटर कुठल्याही रंगाचा घे, तुला सगळे शोभतात.

आणखी लिहिण्यासारखं काही नाही. तब्येत सांभाळ. लोभ तर आहेच.

तुझा,
दादा

ता. १४ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे, म्हणून सरळच लिहिते. औषध हरलं.

सहायकाने आणलेल्या लेंड्या मी तपासल्या, दोनदा तपासल्या. लाल पट्ट्यांच्या कितीतरी मेंढ्यांत अंडी खच्चून भरलेली आहेत. निळ्यांतल्या बऱ्याच जणी अगदी स्वच्छ आहेत. काल मोठ्या डॉक्टरांनी कुठल्या रंगाला काय दिलं होतं ते उघड केलं. आता सांगायला हरकत नाही: लाल म्हणजे नवं औषध होतं. नव्या औषधाच्या मेंढ्या जुन्याच्या मेंढ्यांपेक्षा जराही बऱ्या नाहीत. बनवणाऱ्यांना तार गेली आणि त्यांचं उत्तरही आलं. काम थांबवतायत. उरलेला साठा महिनाअखेर नष्ट करायचा आहे.

मला कळत नाही, दादा. तू पापण्यांबद्दल लिहिलं होतंस त्याच्याशी हे जुळत नाही. मी बाटल्या बदलल्या का, पाजताना चुकले का, हाच विचार सारखा डोक्यात असतो. मोठे डॉक्टर म्हणाले की असं होतं, जेवून घे. मी जेवले नाही.

तुझ्या मेंढ्यांसाठी आता माझ्याजवळ काहीही नाही, हे लिहिताना मला लाज वाटते. कारभारणीला माझ्यासाठी कुरवाळ. मला धीराचे दोन शब्द लिही.

तुझी,
खारू

ता. १८ सप्टेंबर

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्ही दचकाल. ह्यांच्याने लिहवत नाही, म्हणून मी बसले. तुमचं पत्र आल्यापासून हे गोठ्यातच आहेत. जेवायला हाक मारली तर येतात, ताटाकडे बघतात आणि उठून जातात.

मी आडपडदा ठेवत नाही. सहायक यायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी पट्टे बदलले. निळ्यांतल्या ज्या अगदी मरायला टेकल्या होत्या त्यांच्या गळ्यात लाल बांधले, आणि लालमधल्या धडधाकट मेंढ्यांना त्यांचे निळे. हे म्हणाले की धडधाकट आहेत त्यांचा एक डोस चुकला तर त्या सोसतील, आणि मरणाऱ्या वाचतील. कुणाचं काही लुबाडत नाही, आपलंच आपल्यात फिरवतोय. मलाही ते पटलं. पहिला पट्टा कारभारणीचा बदलला. मीच तिचं डोकं धरलं होतं, तेव्हा निम्मा दोष माझा धरा. लेंड्या आधी घेतात आणि त्यावरूनच सगळं ठरतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

ती वाचली, वन्सं. जबड्याखालची सूज ओसरली. पण तुमच्या पत्रानंतर हे तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. तुम्ही बाटल्या बदलल्या नाहीत, तुमचं काही चुकलं नाही, हे आधी डोक्यात घ्या आणि जेवा. मग आम्हाला काय बोलायचं ते बोला. ते ऐकून घ्यायची तयारी आहे.

तुमची,
वहिनी

ता. २१ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र हातात घेऊन मी सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते लपवून ठेवावं असं एक क्षण मनात आलं, नाही असं नाही. पण नेलं.

मला तुझा फार राग आलाय. तू बरोबर ओळखलं होतंस. लाल म्हणजेच औषध, आणि ते औषध चालतं. ते चालतं हे जगाला दिसायची एकच वाट होती, आणि बरोबर ओळखलंस म्हणूनच तू ती बुजवलीस. चुकीचं ओळखून गप्प बसला असतास तर आज एवढं नुकसान झालं नसतं. मी तुझ्यासाठी शब्द टाकला होता, दादा. कान वाचावेत म्हणून टाकला होता.

मोठे डॉक्टर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले की एक उपाय आहे. पुन्हा लेंड्या तपासून भागणार नाही, कारण जंत मेले की नुसते अंडी घालायचे थांबले हे त्यावरून कळत नाही. शिवाय आमच्या लेंड्यांवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. मेंढ्यांची पोटं उघडून जंत मोजावे लागतील. ज्यांचे पट्टे बदलले त्यातल्या काही, ज्यांना कधीच नवं मिळालं नाही अशा काही, आणि ज्यांना दोन्ही वेळा मिळालं अशा काही. तू त्या तोंडावरून निवडायच्या, आणि कुठल्या मेंढीच्या पोटात जंत असतील, कुठल्या मेंढीच्या नसतील ते आधी सांगायचं. तुझं बोलणं पोटाशी जुळलं तर ते बनवणाऱ्यांना गळ घालतील. साठा नष्ट व्हायच्या आत हे झालं पाहिजे.

निळी असून दुसऱ्या वेळी लाल झालेल्यांत सगळ्यात जास्त खंगलेली कारभारीण होती. असं जनावर आतून स्वच्छ निघालं तर तिच्याइतका पुरावा दुसरा नाही. मी दुसरी सुचवून बघितली. ते म्हणाले की निवड तुझ्या भावाने करावी, पण सोयीची करू नये.

सक्ती नाही. तू आला नाहीस तर मी समजेन. लोभ असावा असं आज लिहवत नाही, पण तो कमी झालेला नाही हे तू जाणतोस.

तुझी,
खारू

ता. २४ सप्टेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू लिहिलंस त्यातलं काहीच जास्त नाही.

शनिवारी घेऊन येतो. निवडल्या आहेत. ती त्यांच्यात आहे. मी आत येणार नाही. कुठल्या मेंढीच्या पोटात काय ते तुमच्या सहायकाला फाटकाशी सांगेन. नंतर काय झालं ते मला खरं लिही, गोड करून लिहू नकोस.

तुझा,
दादा

ता. २९ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू खरं लिही म्हणालास, म्हणून लिहिते.

फाटकातून तू परत फिरलास तेव्हा मी वरच्या खिडकीत होते. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. खाली गेले तेव्हा मेंढ्या अंगणात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. आत जायला एक चढती फळी आहे आणि त्या फळीवर कुणी पाय ठेवेना. माणसांनी ढकललं, ओढलं, तरी नाही. मग घंटा वाजली. कारभारीण गर्दीतून पुढे आली, फळी हुंगली आणि ओढ्यावर चढते तशी चढली. तिच्यामागून सगळ्या आत गेल्या. तिथल्या माणसाने मला म्हटलं की अशी सोपी खेप त्याला पूर्वी मिळाली नव्हती.

मी तिच्याजवळ राहिले. तिने मला ओळखलं असं मला वाटलं, पण दाण्यांसाठी ती सगळ्यांनाच ओळखायची. मी सवयीने तिची खालची पापणी ओढून बघितली. दादा, ती लाल होती. मी इतकी लाल पापणी या कामात क्वचितच बघितली आहे.

पोटं मी उघडली नाहीत. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः उघडली आणि मला बाहेर बसवलं. नुकतेच शिरलेले बारके जंत सोडले तर तिच्या जठरात काही नव्हतं. ज्यांना जुनंच मिळालं त्यांच्या जठरात मूठमूठ जंत निघाले. तू फाटकाशी जे सांगितलंस ते प्रत्येकीच्या बाबतीत तसंच्या तसं जुळलं. त्यांनी त्याच दिवशी बनवणाऱ्यांना कळवलं. साठा नष्ट करणार नाहीत. वसंतात नवी चाचणी होईल, तुझ्याच कळपावर, तू हो म्हणालास तर.

ती चाचणी मी करणार नाही. माझं नाव त्या कामावरून काढलंय आणि ते योग्यच आहे. मी आता फक्त आत बसून मोजणार. तोवर तुझ्या निळ्यांसाठी औषध देता येत नाही. मी मागितलं होतं. नाही म्हणाले.

घंटा वेगळ्या पुडक्यात पाठवलीय. पट्टा इथेच ठेवून घेतला. मी रडले, हेही खरंच लिहायचं म्हणून लिहिते. माझ्यावर लोभ ठेवशील ना, एवढं विचारून थांबते.

तुझी,
खारू

ता. ८ ऑक्टोबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

घंटा मिळाली. तुझं पत्र तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं. फळीपर्यंत तिने वाचलं, पुढचं मी वाचलं.

ज्यांना नवं मिळालं नव्हतं त्यातल्या आणखी काही गेल्या. आहेत त्या ओढा ओलांडेनात. दुसऱ्या एका मेंढीच्या गळ्यात घंटा बांधून बघितली, तर तीच घाबरून पळाली. आता मीच घंटा हातात घेऊन पुढे चालतो. मग येतात. मागे वळून बघायचा धीर मला होत नाही, पण फळीवर खुरं वाजलेली ऐकू येतात.

तू आत बसून मोजतेस ते चांगलं. मोजणारं माणूस घरचं असलं की मला झोप लागते. माझ्यापायी तुझं काम गेलं, हे मी जन्मभर विसरणार नाही. त्यावर आता जास्त लिहीत नाही, नाहीतर पत्र पाठवणार नाही. शेजारचे दोघेही आपले कळप चाचणीला द्यायला तयार आहेत. काय घडलं ते मी त्यांना सगळं सांगितलं.

मोठ्या डॉक्टरांना माझा होकार कळव. म्हणावं, या वेळी पट्टे आणू नका, बिल्ले आणा. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे कान टोचा. मेंढ्या मी धरीन.

लोभ विचारून ठेवायचा नसतो, वेडे. तो आहे.

तुझा,
दादा